गाठ काढली, पण तपासायला पाठवली का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाठीवरची, मानेवरची, डोक्यावरची एखादी गाठ जागेवर भूल देऊन पंधरा मिनिटांत काढायची, दोन-तीन टाके घालायचे आणि निघालेला तुकडा पिवळ्या पिशवीत टाकून द्यायचा, हे आपल्याकडे गावोगावी रोज चालते. 'चरबीची गाठ होती, काढून टाकली' एवढे सांगून पेशंट घरी जातो. बहुतेकदा ती गाठ खरेच चरबीची असते. पण अधूनमधून एखादी गाठ आतल्या कर्करोगाची असते. फुप्फुस, मूत्रपिंड, जठर, मोठे आतडे, स्तन, अंडाशय किंवा तोंड यांतल्या कर्करोगाच्या पेशी रक्तातून वा लसीकावाहिन्यांतून (शरीरातला पाझर वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) त्वचेपर्यंत येतात, तिथे रुजतात आणि गाठ धरतात. अशी गाठ कचऱ्यात गेली की हाताशी आलेले निदान कचऱ्यात जाते, आणि आतला आजार पुढचे तीन-चार महिने कोणाच्याही नजरेत न येता वाढत राहतो. त्वचेवरून काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजीकडे, म्हणजे मायक्रोस्कोपखाली तपासायला, गेलाच पाहिजे, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र आहे. ती का करावी लागते हे सांगताना पत्र थोडे लांबले, त्याबद्दल क्षमस्व.

आधी एक भेद स्पष्ट करतो. उन्हामुळे किंवा तिळातून होणारा त्वचेचा स्वतःचा कर्करोग वेगळा. आम्ही लिहीत आहोत तो दुसऱ्या अवयवातून त्वचेत आलेला कर्करोग. डॉक्टरांच्या बोलीत 'स्किन सेकंडरीज'. हे फार दुर्मीळ नाही. अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कर्करोग पसरलेल्या ४,०२० रुग्णांपैकी ४२० जणांच्या, म्हणजे दहातल्या एकाच्या, त्वचेत तो पोचलेला होता. त्याच गटाने १९९० मध्ये कर्करोगाच्या ७,३१६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांत सुमारे ०.८ टक्के रुग्णांत आजाराची पहिली खूण त्वचेवर दिसली होती. म्हणजे आत काही बिघडले आहे याचा पत्ता तोपर्यंत रुग्णाला नव्हता आणि डॉक्टरांनाही नव्हता. टक्का लहान वाटतो. पण त्या माणसांच्या बाबतीत पहिली गाठ कोणी हाताळली आणि तिचे पुढे काय केले, यावर सगळे ठरते.

कोणत्या कर्करोगाची गाठ कुठे उगवते याला काही धरबंध आहे. १९७२ मध्ये ब्राउनस्टाइन आणि हेल्विग या दोघांनी ७२४ रुग्णांची नोंद मांडली. स्त्रियांत ६९ टक्के गाठी स्तनाच्या कर्करोगाच्या निघाल्या. पुरुषांत फुप्फुसाच्या २४ टक्के, मोठ्या आतड्याच्या १९, मेलॅनोमाच्या (त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगाच्या) १३ आणि तोंडाच्या १२ टक्के. यातला शेवटचा आकडा आपल्याकडच्या वाचकांनी थांबून वाचावा. तंबाखू, मिश्री, गुटखा यांमुळे तोंडाचा कर्करोग भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांत मोडतो. त्यामुळे गालाचे किंवा जिभेचे ऑपरेशन झालेल्या माणसाच्या मानेवर, हनुवटीखाली, छातीच्या वरच्या भागावर त्वचेत बारीक कडक दाणे येणे हे आपल्या दवाखान्यांत दिसणारे चित्र आहे. साधारणपणे गाठ मूळ अवयवाच्या जवळच्या त्वचेवर येते: स्तन आणि फुप्फुसाची छातीवर, पोटातल्या अवयवांची पोटावर आणि बेंबीपाशी. डोके मात्र सगळ्यांचे. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड, स्तन यांतले कोणीही तिथे पोचते.

हाताला ती कशी लागते? चरबीची गाठ, जिला आपण आवाळू म्हणतो, मऊ असते, बोटाने कड दाबली की खालून निसटते आणि वर्षानुवर्षे तेवढीच राहते. सिबेशियस सिस्टच्या (कातडीखालच्या मळाच्या पिशवीच्या) मध्यावर बहुधा एक काळा ठिपका असतो आणि फुटली तर पनीरासारखा वासट मळ निघतो. गळू गरम, लाल, ठणकणारे असते. कर्करोगाची गाठ यांपैकी कशातच नीट बसत नाही. ती कडक असते, कातडीखाली चिंचोका पेरल्यासारखी. दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच दुर्लक्षिली जाते. रंग कातडीचाच, कधी लालसर, कधी जांभळट. काही आठवड्यांत येते, भराभर एक ते तीन सेंटिमीटर होते आणि मग काही काळ तेवढीच थांबते. तिच्या आसपास आणखी दोन-चार येतात. 'हलते म्हणजे साधी' हा समज मनातून काढून टाकावा. सुरुवातीला ही गाठही हलते.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती गाठीच्या रूपात न येणाऱ्या प्रकारांत.

स्तनावरची किंवा स्तन काढलेल्या जागेवरची कातडी लाल, गरम, किंचित सुजलेली, कडेला उंचवटा असलेली दिसते. हुबेहूब धावरे. कर्करोगाच्या पेशी कातडीतल्या बारीक लसीकावाहिन्यांत अडकून त्या तुंबवतात, म्हणून ही लाली आणि सूज. खरे धावरे एकदम थंडी-ताप भरून येते, खूप दुखते, रक्तात पांढऱ्या पेशी वाढतात आणि योग्य अँटिबायोटिकने दोन-तीन दिवसांत ओसरू लागते. इथे ताप नाही, दुखणे कमी, पांढऱ्या पेशी नॉर्मल, आणि औषधाने काही हलत नाही. मग एक अँटिबायोटिक बदलून दुसरे, दुसरे बदलून तिसरे असे दीड-दोन महिने निघून जातात. आमचे सांगणे असे: स्तनावरची लाली एका पूर्ण कोर्सने, म्हणजे फार तर दहा-चौदा दिवसांत, गेली नाही तर दुसरी गोळी लिहू नये, पंच बायोप्सी करावी, म्हणजे गोल पातीने कातडीचा छोटा तुकडा काढून तपासावा. अंगावर पाजणारी बाई असली तरी हाच नियम. दूध साचून सूज आली, असे म्हणत वाट पाहण्याची मर्यादा तेवढीच.

बोंडावरचे इसब हा दुसरा फसवा प्रकार. एकाच बाजूच्या बोंडावर खपली, ओल, चिरा, खाज. मलम लावले की थोडे बरे, सोडले की पुन्हा. साधे इसब बहुधा दोन्ही बाजूंना असते आणि बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळावर जास्त असते. एकाच बाजूला, बोंडापासून सुरू होऊन बाहेर पसरणारे आणि बोंड झिजवणारे असेल, तर ते पॅजेटचा रोग असू शकते; दूधवाहिन्यांतल्या कर्करोगाच्या पेशी त्याच वाटेने कातडीत चढतात. काटेकोरपणे बोलायचे तर ही दूरवरून आलेली सेकंडरी नव्हे, पण चूक तीच होते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूबा यात फार नुकसान करतात. स्टेरॉइडने वरची लाली आणि खाज दबते, बाईला वाटते बरे वाटतेय, आणि खालचा कर्करोग आहे तिथेच राहतो.

नागिणीसारखे दिसणारे पुरळ, चाईसारखी टकलाची चकती हीही सोंगेच. नागीण आधी आग करते, मग पाण्याने भरलेले फोड येतात, दोन-तीन आठवड्यांत खपल्या धरून वाळते. एका बाजूच्या पट्ट्यात कडक दाणे आले, फोडांत पाणी नाही, महिना झाला तरी वाळत नाहीत, तर ती नागीण नव्हे. चाईच्या चकतीवर कातडी मऊ असते आणि केसांची रंध्रे दिसतात. कर्करोगाच्या चकतीवर कातडी घट्ट, चकचकीत, कवटीला चिकटल्यासारखी लागते आणि रंध्रे पुसून गेलेली असतात.

डोक्यावर किंवा चेहऱ्यावर लालभडक, हात लागताच रक्त येणारा, कधी कधी ठोके जाणवणारा मोड उगवला तर तो मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा असू शकतो. साधा रक्ताचा मोड समजून दवाखान्यातच कॉटरीने (विजेच्या तापत्या टोकाने) जाळायला गेले तर रक्त थांबता थांबत नाही. चाळिशीनंतर असा मोड पहिल्यांदाच उगवला असेल तर आधी पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी, मगच हात लावावा.

बेंबीबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण ही जागा कोणी पाहत नाही. बेंबीत किंवा तिच्या कडेला कडक, लालसर, कधी चिघळलेली गाठ येते. मूळ कर्करोग जठर, मोठे आतडे, अंडाशय किंवा स्वादुपिंडाचा असतो. वैद्यकशास्त्रात या गाठीला एका परिचारिकेचे नाव आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी सेंट मेरीज हॉस्पिटलात सिस्टर मेरी जोसेफ डेम्पसी (१८५६–१९३९) या डॉ. विल्यम मेयो यांच्या शस्त्रक्रियांत साहाय्यक असत. ऑपरेशनआधी पोट स्वच्छ करताना त्यांच्या हाताला जाणवले, की ज्यांच्या बेंबीत अशी कडक गाठ लागते त्यांच्या पोटात कर्करोग पसरलेला निघतो. मेयो यांनी १९२८ मध्ये त्यावर लिहिले आणि १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली यांनी आपल्या ग्रंथात तिला 'सिस्टर जोसेफची गाठ' म्हटले. ही गाठ एका नर्सच्या हाताला सापडली, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. आजही पेशंटला अंघोळ घालणारे, ड्रेसिंग करणारे, डोक्याला तेल लावणारे हात डॉक्टरच्या आधी गाठीपर्यंत पोचतात. बेंबीचा हर्निया मऊ असतो, खोकल्यावर पुढे येतो आणि आडवे झाल्यावर बहुधा आत जातो. कडक गाठ यातले काही करत नाही. तरी अडकलेला हर्नियाही आत जात नाही, म्हणून बेंबीतल्या कोणत्याही गाठीला सुई किंवा सुरी लावण्याआधी सोनोग्राफी हवीच.

जुन्या ऑपरेशनचा व्रण ही आणखी एक जागा. स्तन काढलेल्या बाईला दहा-पंधरा वर्षांनीही व्रणाजवळ दाणा येऊ शकतो. 'पाच वर्षे झाली, आता सुटलो' असे इथे धरता येत नाही. दुर्बिणीने पित्ताशय काढल्यावर, ते पित्ताशय पॅथॉलॉजीला न पाठवता टाकून दिले आणि काही महिन्यांनी पोटावरच्या त्या छोट्या छिद्रापाशी कडक गाठ आली, की पित्ताशयात कर्करोग होता हे तेव्हा कळते. खड्यांसाठी काढलेले पित्ताशयही तपासायला पाठवायचे असते, ते यासाठीच.

आधी कर्करोग होऊन गेलेल्यांनी महिन्यातून एकदा पाच मिनिटे द्यावीत. अंघोळीच्या वेळी साबणाचा हात असताना तीन बोटांचे पेर सपाट ठेवून, छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत संपूर्ण व्रण चाचपावा. मग गळ्याच्या हाडावरची खोबण, काख आणि बेंबी पाहावी. पाठ आणि डोके घरातल्या कोणाकडून पाहून घ्यावे. नवा दाणा लागला तर त्यावर बिब्बा, चुना किंवा गरम लेप लावू नये. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, आणि नंतर घेतलेल्या तुकड्यात मूळ रोग ओळखणे अवघड होऊन बसते.

आता एक आक्षेप. 'कर्करोग कातडीपर्यंत आला म्हणजे पसरलाच. मग तपासून काय उपयोग?' घरचे विचारतात आणि कधी कधी डॉक्टरही म्हणतात. उपयोग आहे, आणि तो अगदी रोखठोक आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात त्वचेवर गाठ येणे हे आजार फार पुढे गेल्याचे लक्षण असते, हे खरे. पण त्यातही काहींच्या गाठीत ईजीएफआर या जनुकातला बदल सापडतो आणि रोजच्या गोळीवर आजार बराच काळ आवरतो. स्तनाच्या कर्करोगात हार्मोन रिसेप्टर (पेशींतली हार्मोन पकडणारी प्रथिने) असतील तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी त्वचेवरच्या गाठी विरघळताना दिसतात आणि अनेक जणी पुढे वर्षानुवर्षे घर-संसार करतात. हे रिसेप्टर दहा वर्षांपूर्वीच्या मूळ गाठीत होते तसेच नव्या गाठीत असतील असे नाही. बदललेले असू शकतात, म्हणून नव्या गाठीवर ईआर आणि पीआर (हार्मोन रिसेप्टर) आणि हर-२ (पेशींची वाढ चालवणारे प्रथिन) यांच्या तपासण्या पुन्हा कराव्या लागतात. शिवाय फुप्फुसात खोलवर सुई घालून तुकडा काढण्यात फुप्फुसाला भोक पडण्याचा धोका असतो. तेच निदान पाठीवरच्या गाठीतून चार मिलिमीटरच्या तुकड्यात, एका टाक्यात मिळते. उपचार चालू झाल्यावर हीच गाठ मोजपट्टी ठरते: प्रत्येक किमोच्या वेळी शेजारी पट्टी ठेवून फोटो काढला, तर औषध लागू पडते की नाही हे पुढच्या स्कॅनच्या आधी दिसते.

गाठी फुटल्या, चिघळल्या तरी करण्यासारखे पुष्कळ असते, पण हे सांगायला फारसे कोणी बसत नाही. रक्त आणि वेदना यांसाठी रेडिएशनचा एकच आठ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचे माप) डोस किंवा पाच दिवसांत वीस ग्रे देतात. रक्त बहुधा काही दिवसांत थांबते. वास ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंचा असतो, म्हणून जखमेवर मेट्रोनिडाझोलचे जेल लावतात किंवा त्याच गोळीची पूड भुरभुरतात. घरात चार माणसे तोंड फिरवतात त्या वासाने रुग्ण आजारापेक्षा जास्त खचतो, आणि हा वास चार-पाच दिवसांत बराच कमी करता येतो. जखम धुवायला अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम, मीठ पुरते. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नये, जगणारी कातडीही जळते. जखमेवर थेट कापूस ठेवू नये. तंतू चिकटतात आणि काढताना रक्त येते. आधी व्हॅसलीनची निर्जंतुक जाळी, तिच्यावर गॉज, तिच्यावर पॅड. जुने ड्रेसिंग ओढून काढायचे नाही, मिठाच्या पाण्याने दहा मिनिटे भिजवून सोडवायचे. दुखत असेल तर डॉक्टरांनी लिहिलेली मॉर्फिनची गोळी ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची. रक्त आले तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे न उघडता दाबून धरायचे आणि जवळ गडद रंगाचा टॉवेल ठेवायचा, म्हणजे रुग्णाला रक्त भेडसावत नाही. अळ्या पडल्या तर लाज न बाळगता दवाखान्यात यावे. घरी टर्पेंटाइन ओतल्याने जखम भाजते.

हे सगळे उपचार एका कागदावर अवलंबून असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो आणि रेडिएशन येतात, पण मंजुरीसाठी बायोप्सीचा अहवाल लागतो. गाठ टाकून दिली असेल तर हा कागद कुठून येणार?

म्हणून आता तुकड्याबद्दल. गाठ काढणाऱ्या डॉक्टर मित्रांना आणि त्यांच्या सिस्टरांना हे विनंतीवजा सांगणे आहे.

त्वचेतला दुय्यम कर्करोग वरच्या थरात नसतो. वरच्या आवरणाखाली निरोगी कातडीची एक पातळ पट्टी सुटते आणि रोग तिच्या खाली, चरबीपर्यंत, असतो. वरवर खरवडून घेतलेल्या तुकड्यात 'नॉर्मल त्वचा' एवढाच अहवाल येतो आणि सगळे निर्धास्त होतात. चार ते सहा मिलिमीटरचा पंच घ्यावा आणि पिवळी चरबी दिसेपर्यंत खाली जावे. जखम असेल तर मधला काळा, कुजलेला भाग घेऊ नये, त्यात पेशी मेलेल्या असतात. कडेचा जिवंत भाग घ्यावा. कॉटरीने कापलेल्या छोट्या तुकड्यात पेशी जळून लांबट होतात आणि काहीच वाचता येत नाही, म्हणून कापायला ब्लेड आणि रक्त थांबवायला कॉटरी. दातेरी चिमट्याने तुकडा चिरडू नये. सुईच्या टोकाने उचलावा.

तुकडा लगेच दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) जावा. सलाइनमध्ये ठेवला तर सडतो, स्पिरिटमध्ये आकसून कडक होतो. टीबीची शंका असेल, मानेवरच्या गाठींत ती असतेच, तर दुसरा वेगळा तुकडा कल्चरसाठी निर्जंतुक सलाइनमध्ये. फॉर्मलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात. फॉर्मलिन तयार करणे अवघड नाही: बाजारातले फॉर्मलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. फॉस्फेट वगळले तर द्रव आम्ल होतो आणि पेशींवर काळपट कण बसतात. द्रव तुकड्याच्या किमान दहापट हवा. मोठी गाठ तशीच बुडवली तर बाहेरून टणक आणि आतून सडलेली निघते, कारण फॉर्मलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते. म्हणून मधून चीर देऊन ठेवावी. स्तनाच्या गाठीचा तुकडा निघाल्यापासून तासाभरात फॉर्मलिनमध्ये जावा आणि सहा ते बहात्तर तास राहावा, नाहीतर रिसेप्टरची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि बाईला लागू पडणारी गोळी हातची जाते.

बाटली रुंद तोंडाची हवी. इंजेक्शनच्या किंवा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत मऊ तुकडा सहज जातो, दुसऱ्या दिवशी तो टणक होतो आणि बाटली फोडल्याशिवाय निघत नाही. नाव-वय बाटलीच्या अंगावर लिहावे, झाकणावर नव्हे. टेबलावर चार झाकणे एकदम उघडली की कोणाचे कुठले हे सांगता येत नाही.

आणि चिठ्ठी. 'सिबेशियस सिस्ट?' एवढेच लिहून तुकडा येतो. मायक्रोस्कोपखाली ग्रंथीसारख्या पेशी दिसल्या की त्या घामाच्या ग्रंथीच्या गाठीतल्या की स्तनातून आलेल्या, हे नुसते पाहून कित्येकदा सांगता येत नाही. चिठ्ठीवर एक ओळ असती, 'आठ वर्षांपूर्वी डावा स्तन काढला', तर काम सोपे झाले असते. वय, गाठीची जागा, किती दिवसांची, एकच की अनेक, आधीचा कर्करोग, जुन्या अहवालाचा क्रमांक, तंबाखू, वजन घटले का, एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात. त्यावरून पॅथॉलॉजिस्ट तुकड्याला कोणते रंग, म्हणजे पेशींचे मूळ ओळखायला मदत करणाऱ्या विशेष तपासण्या, लावायचे ते ठरवतो. फुप्फुसासाठी टीटीएफ-१, स्तनासाठी गाटा-३, आतड्यासाठी सीडीएक्स-२ आणि सीके-२०, मूत्रपिंडासाठी पॅक्स-८, मेलॅनोमासाठी एस-१०० आणि सॉक्स-१०. यांतला एकही रंग एकट्याने निकाल देत नाही. गाटा-३ घामाच्या ग्रंथींच्या गाठीतही उमटतो. तिथे पी-६३ आणि डी२-४० जोडीला लावले तर मूळ त्वचेतली गाठ आणि बाहेरून आलेली गाठ यांत फरक करायला मदत होते. प्रत्येक रंगाला पैसे पडतात. चांगली चिठ्ठी असेल तर दहाऐवजी तीन-चार रंगांत काम भागते आणि ते पैसे पेशंटचे वाचतात.

एवढा खर्चही नको वाटला तर सुरुवात सुईच्या तपासणीने करावी. २३ नंबरची सुई, दहा मिलीची सिरिंज, चार-पाच काचपट्ट्या. निम्म्या पट्ट्या हवेत वाळू द्याव्यात, निम्म्या ओल्या असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवाव्यात. अल्कोहोलला दहा सेकंद उशीर झाला तरी पेशी फुगून निरुपयोगी होतात. कर्करोग आहे की नाही हे यातून बहुतेक वेळा कळते. तो कुठला हे ठरवायला मात्र तुकडा लागतोच.

शेवटी पेशंटने आणि घरच्यांनी काय मागायचे ते. टाके घातल्यावर टेबलावरून उठण्यापूर्वी विचारावे: काढलेला तुकडा कुठल्या लॅबला जातोय, त्याचा क्रमांक काय, अहवाल कधी मिळेल. साधी बायोप्सी बहुधा तीन-पाच दिवसांत होते, विशेष रंग लावायचे झाले तर आणखी आठवडा. अहवालाचा कागद सांभाळावा आणि पुढे मुंबईला टाटा मेमोरियलला किंवा दुसरीकडे जायचे झाले तर मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबकडून लेखी मागून घ्याव्यात. दुसरे मत त्यांच्यावर मिळते, पुन्हा कापावे लागत नाही. ब्लॉकमधला तुकडा वर्षानुवर्षे टिकतो, फक्त ते मेण साठ अंशांच्या आसपास वितळते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ब्लॉक ठेवू नयेत. कापसात गुंडाळून डब्यात घालावेत आणि डबा हातातल्या पिशवीत ठेवावा.

आपले,
एक त्वचारोगतज्ज्ञ आणि एक पॅथॉलॉजिस्ट